पैसे कोणाचे, दावा कोणाचा? थकलेल्या उधारीसाठी कोर्टात जायचा हक्क नक्की कोणाला असतो

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आकडे आणि कलमं पटापट निघून जातात, म्हणून ती इथे नीट लिहून ठेवली आहेत. बाकी भाषा बरीचशी बोलण्यातलीच ठेवली आहे.)



आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये आधीच येऊन गेलाय. अनोळखी नंबर, पलीकडे कडक आवाज. "तुमच्यावर केस टाकतोय. पाच वाजेपर्यंत या नंबरवर पैसे पाठवा, नाहीतर उद्या पोलीस घरी." ऐकणारा घाबरतो, कोणाकडून तरी उसने घेतो आणि पाठवून मोकळा होतो. ज्याला पैसे पाठवले तो कोण होता, त्याला केस टाकता तरी येत होती का, हे विचारायचं राहूनच जातं.

आता याची दुसरी बाजू बघा. तुम्हीच कोणाला तरी हातउसने पैसे दिलेत. "देतो रे, पुढच्या महिन्यात" असं ऐकत दोन वर्षं गेली. आता तुम्हाला वाटतं, कोर्टात जावं. पण जाता येईल का? आणि तुम्हीच जायचं, की ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याने?

दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच आहे: थकलेल्या पैशासाठी दावा लावायचा हक्क कोणाला?

मुळात एक फरक लक्षात ठेवूया. देणं खरं असणं ही एक गोष्ट आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला ते कोर्टातून वसूल करता येणं ही दुसरी. पैसे खरंच घेतले असतील, थकलेही असतील, तरी मागणारा चुकीचा असू शकतो. मागणारा बरोबर असेल, तरी त्याचा वेळ संपलेला असू शकतो.

साधा नियम: ज्याच्याशी व्यवहार, त्याचा हक्क

कायद्याच्या मराठीत पैसे देणारा तो धनको आणि घेणारा तो ऋणको. दोघांमध्ये करार होतो. तो स्टॅम्प पेपरवरच असला पाहिजे असं नाही. "वीस हजार दे, दिवाळीला परत करतो" आणि "बरं, घे", झाला करार. तोंडी करारही करारच असतो, फक्त सिद्ध करताना घाम फुटतो. करार मोडला की दावा लावायचा हक्क धनकोचा. शेजाऱ्याचा नाही, धनकोच्या मेव्हण्याचा नाही, गल्लीतल्या भाईचा तर नाहीच.

मेव्हणा धनकोच्या वतीने कोर्टात जाऊ शकतो, पण त्यासाठी कुलमुखत्यारपत्र लागतं आणि दावा धनकोच्याच नावाने लागतो. मेव्हणा फक्त त्याच्यासाठी उभा असतो.

इथे एका श्रोत्याने विचारलंय: "मित्राला पैसे मी दिले, पण माझ्या यूपीआयची लिमिट संपली होती म्हणून ते आईच्या खात्यातून गेले. मग हक्क कोणाचा?"

छान प्रश्न. खातं कोणाचं, एवढ्यावर उत्तर ठरत नाही. उसने कोणी दिले, करार कोणात झाला, हे बघितलं जातं. मित्राने तुमच्याकडे मागितले, तुम्ही हो म्हणालात आणि आईने फक्त रक्कम पाठवली, तर धनको तुम्ही. पण कागदावर दिसतं आईचं नाव, म्हणून समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. मित्राशी झालेले मेसेज इथे कामाला येतात. नसतील तर आजच एक साधा मेसेज टाका: "अमुक तारखेला आईच्या खात्यातून तुला पाठवलेले वीस हजार मी तुला उसने दिले होते, ते कधी देतोस?" त्याचं "देतो" हे उत्तर जपून ठेवा.

प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी, किंवा चेक असेल तर गोष्ट जास्त स्पष्ट होते. तिथे कागदावर ज्याचं नाव, त्याला स्वतःच्या नावाने वसुलीचा हक्क. चेक बाउन्सची केस चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली होते आणि तक्रार फक्त चेक ज्याच्या नावाने आहे त्याला, किंवा तो चेक ज्याच्याकडे रीतसर आलाय त्यालाच करता येते. तारखा काटेकोर आहेत: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला. तरी भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि हो, ईएमआयचा ऑटो-डेबिट खात्यात पैसे नाहीत म्हणून बाउन्स झाला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ खाली अशीच केस होऊ शकते. "मी तर चेक दिलाच नाही" म्हणून निवांत राहू नका.

रोखीने दिले असतील तर? आयकर कायद्याप्रमाणे २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने कर्जाऊ घ्यायची नसते. म्हणून काही जण म्हणायचे की असं रोख कर्ज वसूलच करता येत नाही. गोव्यातून आलेल्या एका चेक बाउन्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये हे खोडून काढलं. नियम मोडला तर आयकर खात्याचा दंड लागेल, पण कर्ज बुडीत ठरत नाही.

कर्ज विकलं जातं, तेव्हा धनको बदलतो

आता फोनवाल्या कडक आवाजाकडे येऊ. तुम्ही कर्ज घेतलं एका कंपनीकडून आणि दोन वर्षांनी मागायला येते भलतीच कंपनी, जिचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही. हे कायदेशीर आहे का?

असू शकतं. तुमच्याकडून येणं असलेली रक्कम ही धनकोची मालमत्ता आहे. घर विकता येतं तसं येणंही विकता येतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १३० सांगतं की असं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी झालं, की घेणारा स्वतःच्या नावाने दावा लावू शकतो. मूळ धनकोला सोबत घ्यायचीही गरज नाही आणि तुमची परवानगी तर नाहीच नाही. बँकांना आपली कर्जं अशी दुसऱ्या बँकेला विकता येतात, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. थकीत कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्या, ज्यांना एआरसी म्हणतात, त्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली चालतात. आणि बँका, एनबीएफसी यांनी कर्ज विकताना काय पाळायचं, याचे रिझर्व्ह बँकेचे नियम २०२१ मध्ये आले.

म्हणजे "मी तुमच्याकडून घेतलंच नव्हतं" हे उत्तर पुरत नाही. पण तुमच्या हातात तीन गोष्टी राहतात.

एक: हस्तांतरण लेखी असावंच लागतं. म्हणून कागद मागा. कोणत्या तारखेला, कोणी, कोणाला हे कर्ज दिलं? खरी कंपनी असेल तर तिला हे सांगायला अडचण नसते.

दोन: कर्ज विकल्याची नोटीस तुम्हाला मिळण्यापूर्वी तुम्ही जुन्या धनकोला हप्ते भरले असतील, तर ते भरलेच धरले जातात. नवा मालक "आमच्याकडे आले नाहीत" म्हणून तेच पुन्हा मागू शकत नाही.

तीन: नव्या मालकाला जुन्याइतकाच हक्क मिळतो, त्याहून जास्त नाही. जुन्या कंपनीला तुम्ही तीस हजार आधीच फेडले असतील, तर ते वजा. जुन्या कंपनीविरुद्ध तुमचं जे उत्तर चाललं असतं, तेच हिच्याविरुद्धही चालतं.

फोन करणारा एजंट कोण?

कर्ज विकत घेणारी कंपनी आणि वसुलीसाठी नेमलेला एजंट हे दोन वेगळे प्राणी आहेत. लोक इथेच गोंधळतात.

एजंटने तुमचं कर्ज विकत घेतलेलं नसतं. तो बँकेचा किंवा एनबीएफसीचा माणूस म्हणून फोन करतो, त्याचे त्याला पैसे मिळतात. कर्ज बँकेचंच राहतं. म्हणून स्वतःच्या नावाने दावा लावायचा हक्क एजंटला नाही. "मी केस टाकतो" हे वाक्य त्याच्या तोंडी फार तर "बँक केस टाकेल" असं असायला हवं.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकबाकीसाठी एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना फोन करून बेअब्रू करणं नाही. एजंटने गैरवागणूक केली तर जबाबदारी ज्या बँकेने त्याला नेमलं तिची.

ॲपवरून घेतलेल्या कर्जाबद्दल आणखी एक नियम फार कामाचा आहे. २०२२ पासून डिजिटल कर्जाचा हप्ता थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या खात्यातच जायला हवा, मधल्या ॲपवाल्याच्या खात्यातून नाही. त्यामुळे "या पर्सनल नंबरवर जीपे करा, मी तुमचं खातं बंद करून देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. तुम्ही पैसे पाठवाल, तो गायब होईल आणि कर्ज जसंच्या तसं उभं राहील, कारण ते पैसे खऱ्या धनकोला कधी मिळालेच नाहीत.

आणि पोलिसांचं काय? निव्वळ कर्ज थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. सुरुवातीपासूनच फसवायच्या हेतूने पैसे घेतले असतील तर फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, चेक बाउन्सची केस होऊ शकते. पण नोकरी गेली म्हणून तीन हप्ते चुकले, यासाठी पोलीस अटक करायला येत नाहीत.

लायसन्स नसलेल्या सावकाराला कोर्टाचं दार बंद

आपल्याकडे खेडोपाडी आणि शहरांतल्या वस्त्यांत अजूनही महिना पाच टक्के, दहा टक्क्यांनी पैसे फिरतात. सोबत कोरे चेक, सह्या केलेले कोरे बाँड, कधी जमिनीचं खरेदीखत. असा सावकार म्हणतो, "कोर्टात खेचतो." खेचू शकतो का?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याचं उत्तर देतो. या कायद्याने १९४६ चा जुना मुंबई सावकारी कायदा बाजूला केला. सावकारीचा धंदा करायचा तर लायसन्स हवं. कर्ज दिलं त्या वेळी लायसन्स नव्हतं, तर कोर्टाने सावकाराच्या बाजूने हुकूमनामा द्यायचाच नाही, दावा फेटाळायचा. पैसे खरंच दिले होते हे सिद्ध झालं तरीसुद्धा. शिवाय विनालायसन्स सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. तक्रार करायची सहकार खात्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधक किंवा तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात.

आता तुम्ही म्हणाल, मग मी मित्राला पन्नास हजार दिले, माझ्याकडे कुठे लायसन्स आहे? घाबरू नका. लायसन्स लागतं ते धंद्याला. मैत्रीखातर, नात्याखातर एखाद्या वेळी दिलेलं हातउसनं म्हणजे सावकारी नव्हे. पण दहा जणांना व्याजाने पैसे लावून ठेवलेत आणि दर महिन्याला वसुलीला फिरताय, तर ते "मैत्रीखातर" होतं हे कोर्टाला पटवणं अवघड जाईल.

रिझर्व्ह बँकेत नोंदणी असलेल्या एनबीएफसींना मात्र राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत सांगितलं. त्यामुळे ॲपवरून कर्ज घेतलं असेल तर पहिला प्रश्न: यामागची बँक किंवा एनबीएफसी कोण? तिचं नाव कर्जाच्या कागदात असायलाच हवं. नावच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर तक्रार करा. फोटो मॉर्फ करून धमक्या येत असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०.

बँक, पतसंस्था आणि मध्ये अडकलेला जामीनदार

बँकेचं येणं २० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाते, ज्याला डीआरटी म्हणतात. त्याखाली असेल तर साधं दिवाणी न्यायालय. कर्जाच्या करारात लवादाचं कलम असेल तर लवादाची नोटीसही येऊ शकते. तिला रद्दी समजू नका. तुम्ही गेला नाहीत तर निवाडा तुमच्या पाठीमागे होतो आणि तो हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो.

पतसंस्थेची वाट वेगळी आणि बरीच झटपट. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली पतसंस्था निबंधकांकडे अर्ज करते, चौकशी होते आणि वसुली दाखला मिळतो. गावाकडे "एकशेएकचा दाखला निघाला" असं म्हणतात ते हेच. या दाखल्यावर जप्तीची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणून निबंधक कार्यालयाची नोटीस आली की तारखेला हजर राहा आणि काय भरलंय त्याच्या पावत्या दाखवा.

आता जामीनदार. "फक्त सही कर रे, नावाला" असं म्हणून कितीतरी पोरांच्या सह्या झाल्या आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्याच मागे लागलं पाहिजे असं बंधन नाही, ती थेट तुमच्यावर येऊ शकते.

पण तुम्ही जामीनदार म्हणून पैसे भरलेत, तर तुम्ही नुसते भुर्दंड सोसलेले गरीब बिचारे उरत नाही. कलम १४० नुसार बँकेचे त्या कर्जदाराविरुद्ध जे हक्क होते ते तुमच्याकडे येतात. बँकेकडे त्याचं सोनं किंवा गाडी तारण असेल, तर त्या तारणावरही तुमचा हक्क पोहोचतो. आणि जेवढे रास्तपणे भरले तेवढे मूळ कर्जदाराकडून मागायचा दावा तुम्ही स्वतःच्या नावाने लावू शकता. म्हणून जामीनदार म्हणून एक रुपया भरला तरी तो तुमच्या खात्यातून भरा आणि पावतीवर तुमचं नाव लिहून घ्या. कर्जदाराच्या हातात रोख देऊन "तूच भर" म्हणालात, तर पुरावा त्याचा तयार होतो, तुमचा नाही.

धनको वारला तर? ऋणको वारला तर?

बऱ्याच घरांत वडील गेल्यावर एक वही सापडते. कोणाला किती दिले, त्याच्या नोंदी. हे पैसे मुलांना मागता येतात का? हो. येणं वारसांकडे जातं. पण भारतीय वारसा कायदा, १९२५ चं कलम २१४ म्हणतं की मृताच्या देणेकऱ्याविरुद्ध वारसाला हुकूमनामा हवा असेल तर सक्सेशन सर्टिफिकेट किंवा प्रोबेटसारखा कोर्टाचा कागद दाखवावा लागेल. तलाठ्याकडे झालेली वारस नोंद इथे पुरत नाही. दावा आधी लावून ठेवता येतो, मात्र हुकूमनामा होण्याआधी कागद हजर हवा. मुदत संपत आली असेल तर हे लक्षात ठेवा.

हा नियम देणेकऱ्याच्याही भल्याचा आहे. आज थोरल्याने मागितले म्हणून दिले, उद्या धाकटी बहीण म्हणाली "माझा वाटा कुठाय?" असं होऊ नये. प्रमाणपत्र बघून त्या माणसाला प्रामाणिकपणे पैसे दिले की देणेकरी मोकळा.

उलट बाजू: वडील कर्ज ठेवून गेले. रिकव्हरीवाला म्हणतो, "मुलगा आहेस ना, मग फेड." तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल, तर तुमची जबाबदारी वडिलांकडून तुमच्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतीच. तुमच्या पगारातून, तुमच्या स्वतःच्या बचतीतून वडिलांचं कर्ज वसूल करता येत नाही. बापाचं ऋण मुलाने फेडलंच पाहिजे हा जुना हिंदू कायद्यातला दंडक, २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांना कोर्ट लावत नाही. मनाने फेडावंसं वाटलं तर तो तुमचा प्रश्न. पण कोणी जबरदस्तीने "कायदा आहे" म्हणून सांगत असेल, तर तो कायदा आता नाही.

पैसे खरे, हक्कही खरा, तरी दावा चालत नाही

काही प्रसंग असे आहेत की ऐकून धक्का बसतो.

दोघी मैत्रिणींनी मिळून डिझाइनचं काम सुरू केलं, पार्टनरशिप डीड केलं, पण फर्मची नोंदणी केली नाही. क्लायंटने दीड लाखाचं बिल बुडवलं. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. आधी नोंदणी करा आणि मग दावा लावा. एकट्याचा धंदा असेल तर ही अडचण नाही, फक्त दावा दुकानाच्या नावाने न लावता मालकाच्या नावाने लावायचा. आणि उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकांना आणखी एक वाट आहे: एमएसएमईडी कायदा, २००६. त्यात खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे आणि बिल थकलं तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं. काम घेण्याआधीच ही नोंदणी करून ठेवलेली बरी.

दुसरा प्रसंग: कर्ज घेणारा १७ वर्षांचा. अज्ञान व्यक्तीशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबीच्या खटल्यात सांगितलं आणि तो नियम आजही टिकून आहे.

तिसरा: मॅचवर लावलेली पैज. पैजेचा करार करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्द, जिंकलेल्याला दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या एका कायद्याने पैजेसाठी दिलेल्या उसन्या पैशालाही कोर्टाचं दार बंद केलं. म्हणजे "बेटिंगला दे, जिंकलो की देतो" म्हणून मित्राला दिलेत, तर ते पैसे देवाला वाहिले समजा.

तीन वर्षांचं घड्याळ

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हक्क आहे, कागद आहे, माणूस बरोबर आहे. पण कधीपर्यंत?

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे साध्या उसन्या पैशासाठी तीन वर्षं. परतफेडीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेनंतर. ठरली नसेल, "जमेल तेव्हा दे", "मागेन तेव्हा दे" असं असेल, तर पैसे दिले त्या दिवसापासूनच. इथे खूप जण फसतात. त्यांना वाटतं, मी मागितल्यापासून तीन वर्षं. तसं नाही. मुदत संपल्यावर लावलेला दावा कोर्टाने फेटाळायचाच असतो, समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी.

घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचे दोन मार्ग आहेत, दोन्ही मुदतीच्या आतच. ऋणकोने लेखी आणि सहीनिशी "देणं आहे" असं कबूल करणं, किंवा काही रक्कम भरणं आणि ती भरल्याची त्याच्या अक्षरातली किंवा सहीची नोंद असणं. यातून नवी तीन वर्षं सुरू होतात. ई-मेल आणि व्हॉट्सॲप मेसेजही पुरावा म्हणून देता येतात, पण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या. खात्री हवी असेल तर कागदावरची सही केव्हाही चांगली.

मुदत संपली तर कर्ज नाहीसं होत नाही, कोर्टाची वाट बंद होते. म्हणून जुन्या थकबाकीत एजंट "फक्त पाचशे भरा" किंवा "या पत्रावर सही करा" म्हणाला तर आधी तारखा बघा. मुदतबाह्य कर्ज फेडायचं लेखी, सही केलेलं वचन दिलंत, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा, अंमलात येणारा करार होतो. संपलेली गोष्ट तुमच्याच सहीने पुन्हा जिवंत होते.

मग करायचं काय?

पैसे मागणारा फोन आला तर हे विचारा आणि उत्तर लेखी मागा:

१. कर्ज देणारी मूळ बँक किंवा कंपनी कोण, खाते क्रमांक काय?
२. तुम्ही मालक की एजंट? मालक असाल तर हस्तांतरणाचा कागद, एजंट असाल तर बँकेचं अधिकारपत्र.
३. बाकी किती आणि शेवटचा भरणा कधीचा?

उत्तर मिळालं की थेट बँकेला विचारून पडताळा. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. मात्र कोर्टाचं समन्स किंवा निबंधकांची नोटीस आली, तर हे प्रश्न फोनवर विचारत बसायचे नाहीत. ते तारखेला हजर राहून लेखी उत्तरात मांडायचे. "त्याला हक्कच नाही" हा मुद्दा तुम्ही कोर्टासमोर मांडलात तरच चालतो, घरी बसून नाही.

पैसे तुमचे अडकले असतील तर आधी तारीख बघा, मग लेखी कबुली घ्या, मग नोटीस पाठवा. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर वकिलाला समरी सूटबद्दल विचारा, ती वाट लवकरची आहे. रक्कम लहान असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा लावण्यापूर्वीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, आणि तिथली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. मोफत कायदेशीर मदतीचा नंबर १५१००, तो आत्ताच सेव्ह करा.

तुमच्या केसमध्ये बारकावे वेगळे असू शकतात, त्यामुळे सही करण्याआधी किंवा तारीख चुकण्याआधी वकिलाला कागद दाखवा. आणि हा एपिसोड त्या मित्राला नक्की पाठवा, जो सध्या अनोळखी नंबर बघून फोन सायलेंटवर टाकतोय. किंवा त्याला, ज्याला तुम्ही तीन वर्षांपूर्वी पैसे दिले होते. तारीख मात्र आधी तपासा!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा.